9 आणि 11 मिळून 19

शताब्दी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा टेबलावर एका पक्षकाराचा ताळेबंद पसरलेला होता. तो तसाच राहिला. शाळेची आठवण म्हणजे माझ्यापुरते सर. गणिताचे. कोणते, हे आपल्या पिढीला सांगायला नको.

वादविवादाची मुलं गणिताच्या सरांकडे कशी गेली, कोण जाणे. उच्चार आणि हातवारे मराठीच्या बाई बघायच्या, बातम्या मात्र सरांकडे. शिक्षकखोलीतले तरुण भारत, लोकमत, हितवाद मधल्या सुट्टीनंतर आमचे. ब्लेडनं कात्रण काढायचं, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला मैद्याच्या खळीनं चिकटवायचं आणि वर तारीख घालायची. बिनतारखेचं कात्रण सर न वाचताच परत करत. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की आणखी एक काम. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला जायचं, अडवलेल्या मोर्चातल्या कुणालातरी मागणी विचारून लिहून आणायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरशी ताडून पाहायची. बरेचदा पेपरात माणसं किती होती ते असे, मागणी नसे.

1991 साली मी दहावीत होतो. 1 ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीची आंतरशालेय स्पर्धा. विषय ‘रुपयाचे अवमूल्यन देशहिताचे आहे’, म्हणजे परकीय चलनांपुढे रुपयाची किंमत मुद्दाम उतरवणं. मी अनुकूल बाजूला. वही जाडजूड झाली होती: दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं परकीय चलन, गहाण पडलेलं सोनं, मनमोहन सिंगांचं 24 जुलैचं अंदाजपत्रक. ‘रुपया 9 टक्क्यांनी उतरवला, तो देश वाचवण्यासाठी!’ असं ठणकावून बसलो.

माझ्यानंतर दुसऱ्या शाळेची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘अनुकूल वक्त्यांना 1 जुलै ठाऊक आहे, 3 जुलै ठाऊक नाही.’ सभागृह हसलं. रुपया दोनदा उतरवला होता, दुसऱ्यांदा सुमारे 11 टक्के. त्या आठवड्यात मी तापानं घरी होतो, आणि 4 तारखेचा पेपर आईनं फडताळात अंथरून वर डाळींचे डबे मांडले होते.

खंडनाच्या 2 मिनिटांत सावरायला गेलो. ‘9 आणि 11, म्हणजे 20 टक्के! तरीही देशहिताचंच!’ टाळ्या पडल्या. बक्षीस त्या मुलीला गेलं. माझं उत्तेजनार्थमध्येही नाव नव्हतं.

परतताना सर बसमध्ये गप्प. सीताबर्डी मागे पडल्यावर त्यांनी तिकीट उलटं करून माझ्यापुढे धरलं.

‘100 धर. 9 गेले, उरले किती?’

‘91.’

‘आता 11 टक्के कशाचे? 100 चे का 91 चे?’

बस हिंदकळत होती, पेन सरकत होतं. 10.01 आले. उरले 80.99.

‘मग 20 काहून म्हटलं बे? 19 झाले ना!’

बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, ‘3 तारीख तुझी चुकली. 20 माझी चुकली.’

दुसऱ्या खेपेला पंतप्रधान नरसिंह राव कचरले होते, थांबवा म्हणाले होते, पण निरोप पोचेपर्यंत रिझर्व्ह बँकेनं रुपया उतरवून टाकला होता, हे मी खूप वर्षांनी वाचलं. सरांना ऐकवलं असतं तर खूश झाले असते. तोवर ते राहिले नव्हते.

आज मी सनदी लेखापाल आहे, धंतोलीत ऑफिस आहे, 14 जण हाताखाली आहेत. स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बोलावतात. मुलं छान बोलतात, आमच्यापेक्षा धीट. पण मागे एकाला विचारलं, बाळा, हा आकडा कधीचा? तर म्हणाला, ‘सर, गुगलवर होता.’ मी गुण कापले. आयोजकांना आवडलं नाही, त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. आपल्या शिक्षकखोलीतला पेपरांचा स्टँडही आता दिसला नाही. तिथे प्रिंटर आहे.

कात्रणवही माझ्याकडे आहे. शताब्दीच्या प्रदर्शनात ठेवायची तर आणून देतो. आत ते बसचं तिकीट चिकटवलेलं आहे, सुटायला आलंय, जरा जपून उघडा. आणि वही परत पाहिजे.