लिनक्ससाठी डिस्कची वाटणी करताना

गेल्या महिन्यात भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवत असताना इन्स्टॉलरने डिस्कवरील पार्टिशनांची यादी दाखवली, आणि त्याने विचारले, "मामा, हे २६० एमबीचं पार्टिशन कशाला हवंय? उडवू का?" हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी कोणालाही न विचारता स्वतःच सोडवला होता, ते पार्टिशन फॉरमॅट केले आणि विंडोज सुरूच होईना. सगळ्या फायली जागेवर शाबूत होत्या, पण तिथपर्यंत पोहोचवणारा बूटलोडर मीच पुसला होता.

ते छोटे पार्टिशन म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन. संगणक चालू होताच त्यातील फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) बूटलोडर शोधायला तिथेच जाते. त्यात विंडोजचा एक फोल्डर असतो आणि उबुंटू त्याच्याशेजारी आपला दुसरा फोल्डर तयार करते, म्हणून दोन्ही प्रणालींना एकच ईएफआय पार्टिशन पुरते. इन्स्टॉलरमध्ये ते फक्त निवडायचे. फॉरमॅटच्या चौकटीत खूण मात्र करायची नाही.

लिनक्ससाठी जागा मोकळी करण्याचे काम विंडोजमध्येच, डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून करावे. त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, विंडोजचे फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता झटपट सुरू होण्याची सोय) बंद करावे आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे एन्क्रिप्शन) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

डिस्कची नावेही नवख्याला गोंधळात टाकतात. एनव्हीएमई एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर आतली डिस्क 'एनव्हीएमई०एन१' या नावाने दिसते, तर 'एसडीए' हे नाव बहुधा आपण ज्यावरून इन्स्टॉल करत आहोत त्या पेन ड्राइव्हलाच मिळालेले असते. म्हणून नावापेक्षा आकारावर विश्वास ठेवावा. ५१२ जीबीची डिस्क तिथे ४७६ किंवा ४७७ दिसली तरी घाबरू नये. तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतला फरक असतो.

भाच्यासाठी १५० जीबी मोकळे केले होते. त्यातले ५० रूटला, म्हणजे खुद्द प्रणालीच्या पार्टिशनला दिले आणि उरलेले होमला, म्हणजे वापरकर्त्याच्या फायलींच्या पार्टिशनला, दोन्ही एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये. नवशिक्याला एकच रूट पुरे, असे अनेक जाणकार सांगतात आणि ते चुकीचे नाही. पण नवशिक्याच प्रणाली पुन्हापुन्हा बसवतो, असा माझा अनुभव आहे. होम वेगळे असले की पुढच्या वेळी रूट तेवढे फॉरमॅट करायचे, होम तसेच जोडायचे आणि वापरकर्त्याचे नाव पूर्वीचेच ठेवायचे. कागदपत्रे, छायाचित्रे आणि बहुतेक सेटिंग जशीच्या तशी राहतात. रूटला २० जीबीवर भागवण्याचा मोह टाळावा, कारण स्नॅप आणि फ्लॅटपॅक या ॲप बसवण्याच्या पद्धतींची पॅकेजे साधारणपणे तिथेच साठतात. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेसाठी) वेगळे पार्टिशन केले नाही, १७.०४ या आवृत्तीपासून उबुंटू त्यासाठी फाइल वापरते.

शेवटी इन्स्टॉलर बदलांची यादी दाखवतो. ती मी भाच्याला मोठ्याने वाचायला लावली. फॉरमॅट होणाऱ्यांत पाचवे आणि सहावे अशी दोनच पार्टिशने होती, पहिल्याचा, म्हणजे ईएफआयचा, उल्लेख नव्हता. मग त्याने बटण दाबले.