कात्री बंद करणारी गोळी

"एवढं शिकलीस की गं, मग ती कात्री बंद करणारी गोळी का काढत नाहीस?" सोलापुरात पूर्व भागातल्या कुठल्याही घरी गेले की हेच. संधिवातानं आखडलेली आईची बोटं सगळ्यांनी पाहिलीत, म्हणून विचारता, हे कळतं मला. तुम्ही विचारलंत म्हणून आज पूर्ण सांगते.

कात्री म्हणजे पेशीच्या आवरणावरची प्रथिनं कापणारी एन्झाइम्स. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन आधी आवरणातच रोवलेलं असतं. ॲडॅम-१७ नावाची कात्री ते कापून मोकळं करते. १९९७ साली ते एन्झाइम सापडलं. शिकत होते तेव्हा मीही म्हणायचे, हेच अडवा.

पण हेल्पर टी पेशीला, म्हणजे बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावणाऱ्या पेशीला, आवर घालणारं लॅग-३ हे प्रथिनही ॲडॅम-१७ आणि तशीच दुसरी कात्री ॲडॅम-१० याच छाटतात. छाटलं की पेशी जोमानं वाढते, नाही छाटलं तर दबून राहते. "मग बरंच की, संधिवातात तेच हवंय!" हो, हा वाद मीही स्वतःशी घातलाय. पण जन्मापासून ॲडॅम-१७ नसलेल्या भावंडांची नोंद २०११ साली झाली. त्यांच्या त्वचेला आणि आतड्यांना दाहानं ग्रासलं होतं. त्वचा धड राखणारे संदेशही हीच कात्री मोकळे करते.

आईला टीएनएफ अडवणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं, तेव्हा आधीच्या तपासणीत सुप्त टीबी निघाला, म्हणजे जंतू अंगात पण त्रास काही नाही. टीएनएफ त्या जंतूंना कोंडून ठेवतं. ते अडवलं तर टीबी उसळू शकतो. म्हणून आधी टीबीच्या गोळ्या, इंजेक्शन लांबणीवर. त्या दिवसांत आई बिडीचं ओलं पान पत्र्याच्या मापाखाली धरायची, कात्रीच्या कडीत अंगठा घालायची, आणि अंगठा मिटायचाच नाही. मी कापून द्यायला बसले, तर कडा वाकड्या आल्या. तिनं पान काढून घेतलं. "खोकला नाही की मला. सुई का थांबवली?" मी सगळं समजावलं. ती म्हणाली, "मग तू शिकून केलंस काय?" मला बोलता आलं नाही. आजही ते खुपतं.

नंतर इंजेक्शन सुरू झालं. बोटं वळतात, पूर्ण नाही.

गोळीचं म्हणाल, तर ॲडॅम-१७ला तयार व्हायला मदत करणारं आयरोम-२ नावाचं प्रथिन आहे. रोगप्रतिकारक पेशींत त्याच्यावरच जास्त भिस्त. ते नसलेल्या उंदरांना संधिवात कमी झाला, म्हणून माझी आशा तिथे आहे. पण ते अडवल्यावर हेल्पर टी पेशींवरच्या लॅग-३चं काय होईल, यावर माझंच माझ्याशी जमत नाही.