सोलरच्या गाळ्यापासून गरम फरशीपर्यंत : आमची वाटचाल

२००८ साली आम्ही दोघा भावांनी त्रिमूर्तीनगरातील भाड्याच्या गाळ्यात व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमचे काम गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवून देण्यापुरते होते. नागपूरचा हिवाळा या धंद्याला अनुकूल आहे, कारण डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते, दिवसा स्वच्छ ऊन मिळते आणि ज्या महिन्यांत गरम पाण्याची खरी गरज असते त्याच महिन्यांत टाकी भरभरून तापते. त्यामुळे तक्रारी फारशा येत नसत. जी एक तक्रार येई ती आमच्या मालाबद्दल नव्हती. धरमपेठेतील एका निवृत्त शिक्षिकेने ती अशी सांगितली होती : "भाऊ, पाणी तं मस्त तापते, पण न्हाणीघरात पाय ठेववत नाही. त्या फरशीचं काही करता काय?"

त्या वेळी आमच्याजवळ रबरी पायपुसणे सुचवण्यापलीकडे उत्तर नव्हते. पुढे २०१३ च्या हिवाळ्यात श्रीनगरला एका घरी पाहुणा म्हणून राहण्याचा योग आला आणि तेथील हमाम पाहायला मिळाला. खोलीच्या दगडी फरशीखाली पोकळी ठेवलेली असते, तिच्यात बाहेरच्या बाजूने लाकूड जाळतात, धूर आणि ऊब दगडाखालून फिरते आणि त्याच जाळावर तांब्याच्या टाकीतील पाणीही तापते. बाहेर बर्फ असताना माणसे त्या दगडावर बसून तासन् तास बोलत होती. मला मात्र त्या गप्पांपेक्षा फरशीचे कुतूहल अधिक होते, कारण पाणी आणि फरशी एकाच उष्णतेवर चालताना मी प्रथमच पाहत होतो. परतल्यावर मी वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, "बाप्पा! नागपुरात फरशी तं मे महिन्यात फुकटात तापते." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि पुढच्या दहा वर्षांत आम्ही जे शिकलो ते बहुतांशी या वाक्यालाच उत्तर शोधताना शिकलो.

पहिले काम २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच शिक्षिकाबाईंकडे केले. साठ चौरस फुटांच्या न्हाणीघरातून कमोड, बेसिनचा ओटा आणि भिंतीलगतची पट्टी वगळली, तर सुमारे ४३ चौरस फूट, म्हणजे चार चौरस मीटर मोकळी जागा उरत होती. तेवढ्या जागेसाठी चौरस मीटरला १५० वॅट क्षमतेची विजेची मॅट घेतली. जाळीवर पातळ केबल वळणावळणाने चिकटवलेली ही मॅट तीन-चार मिलिमीटर जाडीची असते आणि टाइलखालच्या अॅडहेसिव्हमध्येच बसते, त्यामुळे जुनी फरशी न फोडता वर नवी टाइल लावताना ती घालता येते. जाळी कापून मॅट वळवता येते, केबल मात्र कुठल्याही परिस्थितीत कापायची नसते. हे सारे आम्ही माहितीपत्रकावरून पाठ केले होते.

पाठ केले नव्हते ते आमच्या मिस्त्रींच्या हाताचे वळण. टाइल खाली बसेना म्हणून त्यांनी लोखंडी थापीच्या टोकाने माल खरवडला, दोन ठोके दिले आणि पुढची टाइल घेतली. अंथरण्यापूर्वी मल्टिमीटरवर केबलचा रोध ८८ ओहम भरला होता, आणि २३० व्होल्टवर ६०० वॅटच्या मॅटचा तो तेवढाच यायला हवा. टाइल लागल्यावर मोजण्याचे आम्हाला सुचले नाही. पंधरा दिवसांनी थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट चालू-बंद करणारे नियंत्रक, जोडला, तर फरशी थंडच राहिली, आणि मीटर लावला तेव्हा पडद्यावर आकडा येईना. केबल तुटली होती. तुटलेली जागा नेमकी शोधण्याचे उपकरण तेव्हा आमच्याकडे नव्हते, म्हणून आम्ही सगळी फरशी काढली, नवी मॅट आणली आणि ते काम पदरच्या पैशाने दुसऱ्यांदा केले. बाईंनी एका शब्दाने बोल लावला नाही, रोज चार वाजता चहा दिला, आणि त्या चहाची मला अधिक लाज वाटली.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मॅटचा एक कागद असतो. खोका उघडल्यावर, अंथरून झाल्यावर, टाइल बसवल्यावर आणि टाइलींच्या फटींत ग्राउट भरल्यावर अशा चार वेळा रोध मोजून त्यावर लिहितो, आणि केबलच्या आवरणातून वीज झिरपते का याची चाचणी ५०० व्होल्टच्या मेगर या उपकरणाने वेगळी घेतो. टाइल लावत असताना मीटर तारांना जोडून बाजूला सुरूच ठेवतो, म्हणजे घाव बसला तर तो त्याच मिनिटाला कळतो आणि तेव्हा एकच टाइल उचलावी लागते. कागदावर मिस्त्री स्वतः सही करतात. केबल कुठून कुठे गेली आहे याचे छायाचित्र भिंतीपासून टेप लावून घेतो आणि एक प्रत ग्राहकाच्या वितरण पेटीच्या दाराला आतून चिकटवतो, कारण सहा महिन्यांनी सुतार येतो आणि दाराचा स्टॉपर बसवण्यासाठी ड्रिल बाहेर काढतो. असा प्रसंग दोनदा आला आहे. एकदा कागदामुळे टळला.

या व्यवसायात निवड करताना लोक पहिला प्रश्न विजेचा की पाण्याचा असा विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न किती जागा आणि किती वेळ हा असावा. नागपूरच्या थंडीचा स्वभाव वेगळा आहे. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो आणि त्याच दिवशी दुपारी तो २८ अंशांपर्यंत जातो. कोब्यात पाइप टाकून गरम पाणी फिरवण्याची पद्धत युरोपात उत्तम चालते, कारण तेथे दिवसरात्र सारखीच ऊब हवी असते. अडीच इंची कोबा तापायला काही तास लागतात आणि निवायलाही तेवढेच लागतात, म्हणजे पहाटेसाठी साठवलेली उष्णता आपल्याकडे नेमकी दुपारी बाहेर पडते, जेव्हा घरातला माणूस पंखा लावण्याच्या विचारात असतो. म्हणून नागपूर शहरात आम्ही पाण्याची पद्धत सहसा सुचवत नाही. पातळ मॅट पाऊण-एक तासात जाणवू लागते आणि बंद केली की लवकर निवते. वर सांगितलेले न्हाणीघर रोज दोन तास याप्रमाणे साठ दिवस चालवले, तर ७२ युनिट लागतात, आणि एवढी वीज उन्हाळ्यात एक एसी साधारण आठवडाभरात घेतो.

न्हाणीघरानंतर आम्हाला सर्वांत योग्य वाटलेली जागा देवघर आहे. घरातली वडीलधारी मंडळी पहाटे तिथे तास-दीड तास पाटावर किंवा थेट जमिनीवर बसतात, जागा पंचवीस-तीस चौरस फुटांची असते आणि फर्निचर जवळजवळ नसते. याउलट दिवाणखान्यात भारतीय बैठक असेल, तर आम्ही स्पष्ट नकार देतो, कारण तापणाऱ्या फरशीवर चार इंची गादी टाकली की उष्णता वर निघत नाही, खाली कोंडते आणि केबलचे आयुष्य कमी होते. पलंग आणि कपाटाखालची जागाही त्याच कारणाने वगळतो. यामुळे आमचे बिल लहान होते हे खरे. सुरुवातीची दोन वर्षे मी चौरस फूट वाढवण्याच्या मागे होतो, आणि त्या वेळच्या दोन खोल्यांची वीज जोडणी आज ग्राहकांनी बंदच करून ठेवली आहे.

फरशी किती तापवावी याबद्दलही गैरसमज असतात. ती तव्यासारखी लागू नये. राहत्या खोलीत पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये असे युरोपीय मानक सांगते, आणि न्हाणीघरात थोडी अधिक मुभा आहे. तळपायाला ती गरम वाटत नाही, एवढेच होते की गार वाटत नाही. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेली व्यक्ती घरात असेल, तर आम्ही थर्मोस्टॅटवर ही मर्यादा लावून ती कुलूपबंद करतो. फरशीचा सेन्सर दोन केबलींच्या मधोमध, पण टोक बंद केलेल्या लहान नळीतून सोडतो, म्हणजे तो बिघडला तर ओढून नवा घालता येतो. ३० मिलिअॅम्पिअरच्या आरसीसीबीशिवाय, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय, आम्ही जोडणी करत नाही. एका इमारतीत विजेच्या ठेकेदाराने हा खर्च अनावश्यक ठरवून मॅट थेट गिझरच्या स्विचवर जोडली होती. ते आम्ही काढायला लावले आणि त्या ठेकेदाराकडून येणारी पुढची कामे गमावली.

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले. त्यानंतरच्या पंधरवड्यात आम्हाला जेवढे फोन आले, तेवढे आधीच्या चार वर्षांत मिळून आले नव्हते. संपूर्ण बंगल्याची फरशी तापवून द्या, असेही दोघांनी विचारले. एका रात्रीच्या थंडीवर घराची योजना करू नका, असे आम्ही सांगितले, आणि संक्रांतीनंतर त्यांतले बहुतेक स्वतःच थांबले. एका फोनमधून मात्र आमचे पाण्याच्या पद्धतीचे पहिले काम निघाले. तो ग्राहक नागपूरचा, पण घर चिखलदऱ्याला बांधत होता, जिथे उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर आहे आणि हिवाळ्यात सुट्टीला गेलेल्या माणसांना दिवसभर ऊब हवी असते. तिथे जाड कोब्याचा संथपणा उपयोगी होता.

त्या घरात ७०० चौरस फूट, म्हणजे ६५ चौरस मीटर फरशी होती. सोळा मिलिमीटरचा पेक्स (एक प्रकारचा प्लॅस्टिक) पाइप दीडशे मिलिमीटर अंतराने टाकला तर सुमारे ४३० मीटर लागतो, आणि एक फेरा शंभर मीटरच्या आत ठेवायचा म्हणून त्याचे पाच फेरे केले. खाली उष्णतारोधक शीट, भिंतीलगत कोबा फुगायला जागा देणारी फोमची पट्टी, वर पाइप, आणि पाचही फेऱ्यांची तोंडे जिन्याखालच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पाणी वाटून देणाऱ्या जोडनळीवर. मालकांची इच्छा सोलरवरच सारे चालावे अशी होती, आणि सोलर विकणारे आम्हीच असल्यामुळे आम्हालाही ते आवडले असते. पण हिशेब जुळेना. ३०० लिटर पाणी ५५ अंशांवरून ३५ अंशांवर आले तर सुमारे सात युनिट उष्णता मिळते, आणि चौरस मीटरला ५० वॅट धरले तरी त्या फरशीला तासाला सव्वातीन युनिट लागतात. दोन तासांत टाकी रिकामी. शेवटी हीट पंप घेतला, जो हवेतली उष्णता उचलून एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. फरशीला ३५ ते ४० अंशांचेच पाणी पुरते, म्हणून हे यंत्र तिथे किफायतशीर पडते.

कोबा टाकण्याआधीची ती रात्र आठवते. पाइपात सहा बार दाब भरून आम्ही झोपलो आणि सकाळी गेजवर ५.६ दिसले. धाकटा भाऊ एकेक सांधा कागदाने पुसून पाहू लागला. गळती नव्हती. नवा प्लॅस्टिक पाइप दाबाखाली थोडा ताणला जातो आणि रात्रीच्या गारठ्यात पाणी आकसते, म्हणून पहिला दाब उतरतोच. पुन्हा सहावर नेला आणि चोवीस तासांनी काटा जागीच होता. तो दाब तसाच ठेवून कोबा टाकला, म्हणजे घमेल्याचा किंवा फावड्याचा घाव बसलाच तर काटा सांगेल.

उन्हाळ्यात याच पाइपांतून थंड पाणी सोडता येईल का, हा प्रश्न नागपूरकर हमखास विचारतात. हैदराबादजवळ पोचारम येथे इन्फोसिसने २०११ मध्ये स्लॅबमध्ये पाइप घालून थंड केलेली इमारत उभी केली, तिचा दाखलाही एका वास्तुरचनाकाराने आम्हाला दिला. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमू लागते ते तापमान, बारा अंशांच्या खाली असतो, त्यामुळे २१ अंशांची फरशी कोरडी राहील. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता झाली की दवबिंदू २५ अंशांवर येतो आणि तीच फरशी घाम सोडून निसरडी होते. त्या इमारतीत आत येणारी हवा आधी कोरडी करून घेतात. घरी ती यंत्रणा लावायची, आणि वर नागपूरच्या तापलेल्या गच्चीची उष्णता फरशीने ओढायची, हे आम्हाला झेपणारे नाही. कूलर राहू द्या, असेच आम्ही सांगतो.

आज आम्ही सात जण आहोत आणि सोलरचे काम अजूनही उत्पन्नाचा मोठा भाग आहे. गरम फरशीची कामे वर्षाला पंधरा-वीस होतात, बहुतेक दसऱ्यानंतर. घाई हीच आता आमची मुख्य अडचण आहे. सिमेंटच्या कोब्यात पाइप असतील, तर निदान २१ दिवस उष्णता द्यायची नसते. आम्ही २८ थांबतो, मग तीन दिवस पाणी २५ अंशांच्या वर जाऊ देत नाही आणि नंतर हळूहळू चढवतो. मॅटच्या कामातही अॅडहेसिव्ह पूर्ण सुकेपर्यंत वीज द्यायची नसते. हे समजावून सांगूनही एका घरी वास्तुशांतीच्या आदल्या रात्री पाहुण्यांना दाखवण्यासाठी मॅट सुरू केली गेली आणि सकाळी ग्राउटला रेषा पडल्या. त्यानंतर आम्ही तारा भिंतीतील पेटीत बंद करून येतो आणि थर्मोस्टॅट सोबत परत आणतो. सध्या काटोल रोडवरील एका घराचे देवघर सुकते आहे, तिथल्या आजी एक दिवसाआड फोन करतात, आणि त्यांच्या थर्मोस्टॅटचा खोका तारीख लिहून गाळ्यातल्या कपाटात ठेवलेला आहे.