गिळलेला जंतू जगतो कशावर?

"पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, असं शाळेत शिकलो. मग क्षयाचा जंतू त्याच पेशींमध्ये वर्षानुवर्षं जगतो तरी कशावर?" सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. जंतूंच्या विषाबद्दल आपण खूप बोलतो, त्यांच्या भुकेबद्दल फारसं नाही. मला मात्र संसर्गाचा निम्मा झगडा अन्नाचाच वाटतो.

पेशीत अन्न भरपूर असतं, पण मोकळं पडलेलं नसतं. अमिनो आम्लं प्रथिनांत गुंफलेली, लोह फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात बंद. शिवाय गिळलेला जंतू एका पातळ पटलाच्या पिशवीत कोंडलेला असतो आणि या पिशवीतलं लोह, मँगनीज पेशी उपसून बाहेर काढते. जंतूला उपाशी मारायचा हा सरळसरळ बेत असतो.

यावर लिजिओनेला जे करतो, ते वाचून मी आजही थक्क होते. 1976 मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली, त्यातून सापडलेला हा जंतू. त्याचं मुख्य अन्न अमिनो आम्लं. पिशवीत बसल्या बसल्या तो पेशीत ‘अँक-बी’ नावाचं प्रथिन सोडतो. त्याला स्निग्ध शेपटी जोडून देतं ते पेशीचंच एन्झाइम! या शेपटीमुळे अँक-बी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला घट्ट चिकटतं आणि तिथे युबिक्विटिन लागलेल्या प्रथिनांची गर्दी होते. युबिक्विटिन म्हणजे ‘हे प्रथिन मोडीत काढा’ अशी खूण. पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, म्हणजे प्रोटिअसोम, नेमून दिलेलं काम इमानेइतबारे करतं, प्रथिनांचे तुकडे होतात आणि सुटी झालेली अमिनो आम्लं जंतूला मिळतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अँक-बी नसलेला लिजिओनेला पेशीत वाढेना. वरून जादा अमिनो आम्लं पुरवली, तेव्हा वाढू लागला. म्हणजे अडलं होतं ते खाण्यापाशीच.

इतरांच्या तऱ्हा वेगळ्या. लिस्टेरिया पिशवी फोडून बाहेर पडतो आणि पेशीद्रवातली फॉस्फेट जोडलेली साखर उचलतो. रिकेट्सिया तर पेशीचं तयार एटीपी, म्हणजे ऊर्जा साठवणारा रेणू, घेऊन बदल्यात एडीपी हे त्याचं ऊर्जा खर्चलेलं रूप देतो.

आता क्षयाचा जंतू. तो मुख्यतः आपल्या स्निग्ध पदार्थांवर जगतो. पेशीच्या पटलांतलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी ‘एमसीई-4’ ही यंत्रणा त्याच्याकडे आहे, हे 2008 मध्ये दाखवलं गेलं. कोलेस्टेरॉल पचवू शकणारे जंतू मुळात थोडे, त्यामुळे ही शिदोरी जवळपास त्याच्या एकट्याचीच.

शरीरही गप्प बसत नाही. इंटरफेरॉन-गामा या प्रतिकारशक्तीच्या निरोप्या प्रथिनाचा इशारा मिळाला की पेशी स्वतःजवळचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लच मोडून टाकते. पेशीतच वाढणाऱ्या क्लॅमिडिया या जंतूची वाढ त्याने थांबते. पण तो मरतोच असं नाही, ट्रिप्टोफॅन परतलं की पुन्हा विभागू लागतो. क्षयाचा जंतू मात्र ट्रिप्टोफॅन स्वतः तयार करतो, म्हणून या उपासमारीतून निभावतो. ही निर्मिती अडवणारा एक रेणू 2013 मध्ये उंदरांवर तपासला गेला आणि त्यांच्यातले क्षयाचे जंतू घटले. हे औषध अजून माणसांपर्यंत आलेलं नाही, पण जंतूची रसद तोडण्याच्या या दिशेने खूप काम व्हावं असं मला मनापासून वाटतं.