ओझं वाहणारा बारगीर

गणपती असो की निवडणूक, फ्लेक्सवर सगळे 'शिलेदार' असतात. बारगीर कुणीच नसतं, आणि मला त्या बिचाऱ्या शब्दाचं जरा वाईट वाटतं.

कारण बारगीर हा मुळात माणूस नाहीच, घोडा आहे. फारसीत बार म्हणजे ओझं आणि गीर म्हणजे घेणारा, म्हणजे ओझं वाहणारं जनावर, त्यावरून घोडा. हाच बार आपल्या बारदानात पण आहे बरं का, मार्केट यार्डात तूर घेऊन गेलं की वजनातून बारदान वजा करतात ना, तेच ते तागाचं पोतं. तर हा घोडा हिंदुस्थानात आला आणि हळूहळू त्याचं नाव वर बसलेल्यालाच चिकटलं. अकबराच्या फौजेत ज्याला घोडा परवडत नाही त्याला सरकारी घोडा द्यायचे, तो बारगीर. पुढे मराठी फौजेतही तेच: घोडा सरकारी पागेतला असला की बारगीर, स्वतःचा घोडा-हत्यार घेऊन आला की शिलेदार.

आजच्या हिशोबात कंपनीचा लॅपटॉप मिळालेले आपण सगळे बारगीर आणि स्वतःची बाईक, स्वतःचं पेट्रोल घालून जेवण पोचवणारा पोरगा खरा शिलेदार!

शिलेदाराचा तोरा मोठा, पण घोडा पडला की त्याचं भांडवलच गेलं, मग ऐन लढाईत तो घोड्याला जपणारच की. बारगीराला ती चिंता नाही. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता तो उगाच नाही. सभासद बखरीत रचना दिलीय, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी, म्हणजे पखालीतून पाणी पुरवणारा, आणि एक नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा. मला हा नालबंद फार आवडतो, इतिहासात तलवारी सगळ्यांना दिसतात पण नाल निखळलेल्या घोड्यावरून कुठला किल्ला सर होतो?

पण शब्दाचं खरं नशीब निघालं बंगालमध्ये. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा तिकडे जायला लागल्या, भास्करपंत कोल्हटकर पुढे, आणि गावंच्या गावं लुटली गेली, आपल्याकडे हे जरा दबक्या आवाजात सांगतात पण झालं ते झालं. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने भेटीला बोलावून पंतांना मारलं तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत, शेवटी १७५१ ला तह झाला, मराठ्यांना ओडिशा आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई, म्हणजे खंडणी. बंगाल्यांनी बारगीरचं केलं बर्गी, आणि अर्थ लुटारू. आजही तिकडच्या आया पोराला झोपवताना म्हणतात, बर्गी आले, धान तर पाखरांनी खाल्लं, आता सारा कुठून भरायचा? आपल्याकडे बागुलबुवा, त्यांच्याकडे आपण!

इंग्रजांनी तर घाबरून कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. मराठे काही तिथवर आले नाहीत, खंदकही अर्धवटच राहिला, १७९९ मध्ये बराचसा बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. बागबाजारात मराठा डिच लेन मात्र अजून आहे, म्हणजे तिथल्या लोकांना साधं कुरिअर मागवायचं तरी पत्त्यात आमचं नाव लिहावं लागतं.