लॅपटॉप बूट होत नव्हता, डेटा कसा काढला – माझा अनुभव

लॅपटॉप लोगोवर अडकायचा, खाली 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' यायचं, गोल गोल फिरायचं आणि परत पहिल्यापासून तेच. विंडोज गेलं तर गेलं, ते परत टाकता येतं, पण आत कित्येक वर्षांचे फोटो आणि बॅकअप अर्धवट. ओळखीच्या एकाने फोनवर लगेच सांगून टाकलं, रीसेट मार, 'कीप माय फाइल्स' असतं त्यात. असतं खरं, पण जिचा भरवसा नाही त्याच डिस्कवर अख्खं विंडोज नव्याने लिहायला लावायचं म्हणजे आजारी माणसाला जिने चढायला लावणं. आधी फाइल्स बाहेर, मग विंडोजचं काय ते बघू.

सुरुवात सोप्यापासून. रिपेअरच्याच स्क्रीनवर ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथून कमांड प्रॉम्प्ट. त्यात नोटपॅड टाइप करून एंटर मारलं की चक्क नोटपॅड उघडतं, त्याच्या फाइल-ओपनमध्ये खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं आणि ती छोटी खिडकी एक्सप्लोररसारखी वापरायची, राइट क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. (ड्राइव्हची अक्षरं तिथे बदललेली असू शकतात, नेहमीचा सी कदाचित डी म्हणून दिसेल, घाबरू नका.) कागदपत्रं अशीच निघाली. फोटोंचं फोल्डर लावलं आणि सगळं गोठलं, प्रोग्रेस तिथे दिसतच नाही त्यामुळे काही कळेना, कान लावला तर आतून टक... जरा थांबून परत टक. म्हणजे दुखणं विंडोजचं नाही, हार्ड डिस्कचं. पॉवर बटण दाबून धरलं आणि बंद केला. असा आवाज येत असेल तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) अजिबात चालवू नका, ती दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहायला लागते.

मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमची आयएसओ (इन्स्टॉलची अख्खी फाइल) उतरवली, रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवली आणि बूट मेनूतून (माझ्याकडे एफ12, बाकीच्यांचं वेगळं असतं) त्यावरून लॅपटॉप चालू केला. सगळं पेनड्राइव्हवरूनच चालतं, डेस्कटॉपवर इन्स्टॉलचा आयकॉन असतो त्याला हात लावायचा नाही. डिस्क्स नावाच्या अॅपमध्ये स्मार्ट डेटा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघितला तर करंट पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कच्या वाचता न येणाऱ्या छोट्या तुकड्यांचा, आकडा शेकड्यात, जिथे शून्य हवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) माझ्याकडे चालू नव्हतं, तुमच्याकडे असेल तर 48 आकडी रिकव्हरी की लागणारच, ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सेव्ह असते, फोनवरून लॉगिन करून आधी काढून ठेवा.

खरं काम केलं ते डीडीरेस्क्यूने, खराब डिस्कमधून डेटा उचलणाऱ्या प्रोग्रामने. मिंटमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांडला मात्र डीडीरेस्क्यूच, यात बराच वेळ डोकं खाल्लं गेलं. साधी कॉपी खराब जागेवर जाऊन तिथेच घासत बसते, हे ती जागा सोडून पुढे जातं, आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि अडलेल्या जागा शेवटी बघतं. कुठपर्यंत आलो ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे मध्येच डिस्क गायब झाली तरी परत तीच कमांड दिली की तिथूनच पुढे. फक्त ती मॅप फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवा, लाइव्ह सेशनच्या (पेनड्राइव्हवरून चाललेल्या मिंटच्या) डेस्कटॉपवर ठेवली तर बंद केल्यावर उडते. आणि बाहेरची डिस्क फॅट32 नको, 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि इथे तर अख्ख्या डिस्कची एकच फाइल (इमेज) बनते.

पहिल्या फेरीला मायनस एन दिलं, म्हणजे खराब जागा खरवडायच्या नाहीत. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी बरंचसं आलेलं. मग मायनस आर 3 ने उरलेल्यावर परत तीन फेऱ्या, त्यातून अजून थोडं निघालं आणि मग आकडा हलेना. इमेज फाइल फक्त वाचण्यापुरती माउंट केली (म्हणजे ड्राइव्हसारखी उघडली), फोल्डरं नावांसकट जशीच्या तशी.

एक भानगड राहते. जे सेक्टर वाचताच आले नाहीत त्यांच्या जागी इमेजमध्ये नुसते शून्य असतात, फाइलची साइज बरोबर दिसते पण उघडली की फोटो अर्धा राखाडी. एवढे हजारो फोटो कोण उघडून बघणार? त्यावर उपाय डीडीरेस्क्यूमध्येच आहे, फिल मोड. मॅप फाइल बघून फक्त खराब जागांवर तो आपण दिलेला मजकूर भरतो, तो इमेजच्या कॉपीवर चालवला, ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने तो मजकूर शोधला आणि बिघडलेल्या फाइल्सची यादी हातात. बहुतेक व्हिडिओ होते, त्यातले काही जुन्या फोनमध्ये सापडले.