बायोस अपडेटनंतर रॅम ६००० वर टिकेना, आठ दिवसांची नोंद

आधी सेटअप सांगतो, म्हणजे कोणाला आपल्या मशीनशी ताडून बघायचं असेल तर बरं पडेल. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम स्टिक, वेग ६००० (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्स्फर), सीएल३० (डेटा मागितल्यावर तो यायला लागणारे ठोके), टायमिंग ३०-३८-३८-९६, व्होल्टेज १.३५, दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. दीड वर्ष फक्त एक्स्पो (स्टिकमध्ये आधीच भरलेलं वेगवान सेटिंग) चालू करून हे असंच चाललंय आणि एकदाही कुरकुर नाही. मग बोर्डचं नवीन बायोस (मशीन चालू होताना रॅम वगैरे लावणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) आलं, त्यात नवीन एजीसा (त्यातला एएमडीचा, प्रोसेसर आणि मेमरी सुरू करणारा भाग) होतं, आणि माझा हात शिवशिवला.

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर बसलो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, सस्पेंड केलं (हे विसरू नका, बायोस बदललं की विंडोज रिकव्हरी की मागू शकतं आणि ती की त्याच मशीनमध्ये सेव्ह करून ठेवलेली असेल तर काय करणार), पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, मशीन यूपीएसवर घेतलं आणि फ्लॅश मारलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये संध्याकाळी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे यूपीएसशिवाय बायोसला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे.

फ्लॅश झाल्यावर स्क्रीन काळी, बोर्डवर डीरॅमचा पिवळा दिवा लागलेला, पंखे फिरताहेत, बाकी काही नाही. नवीन लोक इथेच घाबरून पॉवर बटण दाबून धरतात. थांबायचं. मेमरी ट्रेनिंग चालू असतं (बोर्ड रॅमशी नीट बोलता यावं म्हणून मापं घेत असतं), एएम५ वर, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटवर, पहिल्या वेळी त्याला काही मिनिटं सहज लागतात. माझं साधारण चार मिनिटांनी आलं.

आत गेलो तर रॅम ४८०० वर. हे अपेक्षितच, अपडेटनंतर सगळं डिफॉल्टला जातं. टास्क मॅनेजरमध्ये ४८०० दिसतं आणि सीपीयू-झेडमध्ये २४००, कारण डीडीआर म्हणजे क्लॉकच्या एका ठोक्याला दोन ट्रान्स्फर, तेव्हा अर्धा आकडा बघून रॅम बिघडली समजू नका. जुन्या बायोसमध्ये सेव्ह केलेलं प्रोफाइल नव्यात लोड होईना, तेही नेहमीचंच. एक्स्पो चालू केलं, सेव्ह केलं, परत ट्रेनिंग झालं, आणि मशीन ६००० वर उठलं. झेनटायमिंग्ज (रॅमची सेटिंग दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून बघितलं, एमक्लॉक (रॅमचा) ३०००, यूक्लॉक (मेमरी कंट्रोलरचा) ३०००, एफक्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा) २०००. काही जणांना अपडेटनंतर यूक्लॉक १५०० दिसतो, तसं झालं तर बायोसमध्ये यूक्लॉक-एमक्लॉक एक-ला-एक हाताने लावा, नाहीतर आकडा ६००० दिसेल पण लेटन्सी (डेटा मिळायला लागणारा वेळ) वाढलेली असेल.

एक गोष्ट मला तेव्हाच आवडली होती, की मशीन आता भराभर बूट होत होतं. आधी बटण दाबल्यापासून लोगो यायला पाऊण मिनिट लागायचं, आता पंधरा सेकंद. मी बायकोला बोलावून दाखवलं. याच्याकडे नंतर येतो.

शनिवारी आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज आवरायला घेतली. सहा महिन्यांच्या एकादशा, सगळं मिळून चाळीस जीबीच्या आसपास वेव्ह फाइली, त्या सेव्हन-झिपमध्ये बांधून बाहेरच्या डिस्कवर टाकायच्या होत्या. आर्काइव्ह झालं, सवयीने टेस्ट मारली तर सीआरसी एरर (फाइलची पडताळणी जुळत नाही), दोन फाइली खराब. म्हटलं डिस्कची भानगड असेल. परत बांधलं, परत टेस्ट, आता एरर वेगळ्याच फाइलवर. डिस्क खराब असती तर साधारण त्याच जागी रडली असती, जागा बदलत राहिली की माझा पहिला संशय रॅमवर जातो. तासाभरात ब्राउजरचे टॅब मरायला लागले आणि संध्याकाळी निळी स्क्रीन आली, मेमरी मॅनेजमेंट. आई मागे उभी होती, तिने एवढंच विचारलं, “अरे, माझी रेकॉर्डिंगं आहेत ना?” होती. रेकॉर्डरचं कार्ड मी अजून पुसलं नव्हतं. पण टेस्ट न मारता पुसलं असतं तर सहा महिने गेले होते, आणि मला ते कळलंही नसतं.

इथे एक गैरसमज काढतो कारण मला तीन जणांनी हेच विचारलं, डीडीआर५ मध्ये ऑन-डाय ईसीसी (चुका दुरुस्त करणारी सोय) असतं ना मग एरर कशी येते? ते ईसीसी चिपच्या पोटातलं आहे. चिपमध्ये साठवलेला एखादा बिट पलटला तर ती तो आतल्या आत दुरुस्त करते. पण चिपमधून निघून बोर्डवरच्या तारांवरून प्रोसेसरपर्यंत जाताना जे बिघडतं त्याच्यावर त्याचं लक्ष नसतं. आणि ६००० वर एका बिटला त्या तारेवर मिळणारा वेळ आहे १६७ पिकोसेकंद, म्हणजे तेवढ्यात उजेड मोकळ्या हवेत जेमतेम पाच सेंटीमीटर जातो. त्या एवढ्याशा खिडकीच्या बरोब्बर मध्ये वाचायचं, आणि प्रत्येक तारेची लांबी, प्रत्येक स्टिक, प्रत्येक कंट्रोलर थोडा वेगळा, म्हणून बूट होताना ट्रेनिंग करून प्रत्येक तारेचं माप घ्यावं लागतं. ती चार मिनिटं काळ्या स्क्रीनसमोर बसतो ना आपण, तेव्हा हे चाललेलं असतं. मला या प्रकाराचं अजूनही अप्रूप वाटतं.

रविवारपासून शोध सुरू. पहिलं काम, अशा मशीनवर विंडोज चालवणं बंद, कारण रॅम चुकत असताना लिहिलेली प्रत्येक फाइल संशयास्पद असते. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावलं. ४८०० वर चार पास स्वच्छ. एकेक स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून ६००० वर, दोन्ही स्वच्छ. म्हणजे स्टिक मेलेल्या नाहीत. दोन्ही एकत्र ६००० वर, तेही स्वच्छ. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ (रॅमची जास्त कडक टेस्ट) एक्स्ट्रीम कॉन्फिगने, बाराव्या मिनिटाला एरर. मेमटेस्ट पास झालं म्हणजे रॅम चांगली असं कृपा करून कोणी समजू नका, मेलेली स्टिक ओळखायला ते उत्तम आहे पण काठावर चाललेलं टायमिंग पकडायला टेस्टमेम५ नाहीतर वाय-क्रंचरसारखं ताण देणारं काहीतरी लागतं.

आता माझ्याकडे एक ठेवा होता, जुन्या बायोसवर दिवाळीत काढलेला झेनटायमिंग्जचा स्क्रीनशॉट. नवा-जुना शेजारी ठेवले. ३०-३८-३८-९६ दोन्हीकडे तेच. व्होल्टेज १.३५ तेच. पण खाली गेलं की फरक दिसायला लागतो, एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) आधी १.२५ होतं ते आता १.२०, प्रोसेसरच्या बाजूचं टर्मिनेशन (तारेच्या टोकाचा रोध) वेगळं, दोन-तीन सबटायमिंग (दुय्यम टायमिंग) वेगळी. कारण एक्स्पो प्रोफाइलमध्ये स्पीड, मुख्य टायमिंग, व्होल्टेज आणि बाकीची मोजकीच मूल्यं असतात, उरलेलं सगळं ‘ऑटो’, आणि ऑटो म्हणजे त्या-त्या बायोसचं मत. बायोस बदललं की मत बदलतं. आपण म्हणतो की मी तर सेटिंग तेच ठेवलंय, पण हाताने ठेवलेलं मूठभर असतं आणि न ठेवलेलं ढीगभर. रायझन ७००० चा अधिकृत स्पीड दोन स्टिकला ५२०० आहे हेही लक्षात असू द्या, ६००० म्हणजे एक्स्पोचं एक बटण असलं तरी ते ओव्हरक्लॉकच आहे.

तर मला वाटलं सापडलं. एसओसी हाताने १.२५ केलं (१.३ च्या वर जायचं नाही, २०२३ मध्ये काही ७००० सिरीजचे, मुख्यतः एक्स३डी (जास्त कॅशवाले), प्रोसेसर सॉकेटमध्ये जळाले त्यानंतर एएमडीने तिथे मर्यादा घातलीय), सेव्ह, ट्रेनिंग, विंडोज, टेस्टमेम५ दीड तास, शून्य एरर. रविवारी रात्री एक वाजता ग्रुपवर टाकून दिलं की झालं, एसओसी होतं, आणि झोपलो.

सोमवारी सकाळी चहा घेत मशीन चालू केलं, टेस्ट लावली, नवव्या मिनिटाला एरर.

मग तीन रात्री मी गोल गोल फिरलो. रॅम व्होल्टेज १.३५ वरून १.३८ केलं, रात्री पास, सकाळी फेल. टर्मिनेशन जुन्या स्क्रीनशॉटप्रमाणे हाताने भरलं, रात्री पास, सकाळी फेल. सबटायमिंग सैल केली, तेच. तापमानाचा संशय घेतला कारण पुण्यात दुपारी चाळीसच्या आसपास आणि खोलीत पंख्याशिवाय काही नाही, पण एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्टिक ५० अंशांच्या आत, आणि फेल तर सकाळी गारव्यातच होत होतं. उलटं काहीतरी होतं.

बुधवारी रात्री वही काढली. मी प्रत्येक बदल वहीत लिहितो, वेळेसकट, आणि ते आता कामाला आलं. एका पानावर ओळीने लिहिलेलं दिसलं, बदल, पास. बदल, पास. बदल, पास. आणि प्रत्येक फेलच्या आधी काहीच बदल नाही, फक्त ‘मशीन बंद, मशीन चालू’. म्हणजे व्होल्टेजने काही होत नव्हतं, टर्मिनेशननेही नाही. मेमरीचं कुठलंही सेटिंग बदललं की पुढच्या बूटला पूर्ण ट्रेनिंग होतं, आणि पूर्ण ट्रेनिंग झालं की मशीन ठणठणीत. ट्रेनिंग न होता बूट झालं की एरर. आणि ट्रेनिंग न होता बूट म्हणजे काय? ते पंधरा सेकंद!

बायोसमध्ये गेलो, मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर शोधलं. ऑटोवर होतं. जुन्या बायोसमध्ये ऑटोचा अर्थ बंद होता, म्हणून पाऊण मिनिट लागायचं. नव्यात ऑटोचा अर्थ चालू. हे चालू असलं की बोर्ड एकदा घेतलेली मापं साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी परत न मोजता तीच भरतं. कल्पना चांगली आहे, एएम५ च्या सुरुवातीला लोक बूटच्या वेळेला इतके वैतागले होते की हे हवंच होतं. पण त्याची एक जोडी आहे, पॉवर डाउन एनेबल (काम नसताना रॅमला झोपवणारं सेटिंग). कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू ठेवायचं तर पॉवर डाउनही चालू पाहिजे, हे एएम५ वाल्यांमध्ये आता बऱ्यापैकी पाठ झालेलं आहे, एक चालू एक बंद अशा जोडीत निळ्या स्क्रीन येतात. माझ्या दोन्ही स्क्रीनशॉटमध्ये पॉवर डाउन बंद दिसत होतं, दोन्हीकडे सारखं, म्हणून माझी नजर तिथे अडकलीच नाही. जुन्या बायोसवर ते बंद असून चालत होतं कारण जोडीदारही बंद होता. आणि कॉन्टेक्स्ट रिस्टोअर झेनटायमिंग्जमध्ये दिसत नाही, ते बायोसमध्ये जाऊनच बघावं लागतं.

गुरुवारी एसओसी सोडून बाकी सगळे बदल मागे घेतले, एक्स्पो परत लावलं, आणि दोन पद्धती तपासल्या. पहिली, कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हाताने बंद. बूट परत पाऊण मिनिटावर, चार वेळा बंद-चालू करून चारही वेळा टेस्टमेम५ स्वच्छ. दुसरी, दोन्ही चालू. बूट पंधरा-सोळा सेकंद, आणि इथे मी पद्धत बदलली. सेटिंग बदलल्यावरच्या पहिल्या बूटची टेस्ट धरायचीच नाही. बदल करायचा, विंडोजपर्यंत जायचं, पूर्ण शटडाउन, एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) मागचं बटण बंद, दहा मिनिटं थांबायचं, परत चालू करायचं आणि मग टेस्ट. असं तीनदा. तीनही वेळा शून्य. रविवारी हे केलं असतं तर चार रात्री वाचल्या असत्या.

पॉवर डाउन चालू केल्याची किंमत मोजली, माझ्या मशीनवर लेटन्सी नॅनोसेकंदभराने वाढली. एक हिशोब देतो म्हणजे अंदाज येईल. ६००० ला क्लॉक ३०००, म्हणजे एक ठोका एक तृतीयांश नॅनोसेकंद, सीएल३० म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. ४८०० सीएल४० ला हेच १६.७ येतं. तेव्हा या सगळ्या कटकटीला कंटाळून ४८०० वर राहणं म्हणजे नुसत्या सीएलमध्येच पावणेसात नॅनोसेकंद सोडणं, त्यापुढे पॉवर डाउनचा एक काहीच नाही. तरी ज्यांना मशीन दिवसातून एकदाच चालू करायचं असतं त्यांनी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंदच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे, दरवेळी ताजं माप मिळतं. मी दोन्ही चालू ठेवलंय कारण घरी दिवसातून पाच वेळा मशीन बंद-चालू होतं.

शुक्रवारी विंडोजची साफसफाई केली, एसएफसी स्कॅनने (विंडोजची स्वतःची फाइल-तपासणी) दोन सिस्टिम फाइली खराब काढल्या आणि दुरुस्त केल्या, शनिवारपासून त्या मशीनवर बनवलेल्या सगळ्या फाइली काढून टाकल्या. झेनटायमिंग्जचा नवा स्क्रीनशॉट काढला, आणि या वेळी बायोसच्या मेमरीच्या प्रत्येक पानाचे फोटो मोबाइलवर काढले, जिथे ऑटो लिहिलंय तीही पानं, शिवाय बूटला किती सेकंद लागतात तेही वहीत.

काल एकादशी होती. नवीन रेकॉर्डिंग धरून सगळं कार्डावरून परत उतरवलं, आर्काइव्ह बांधलं, मशीन बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं आणि मग टेस्ट मारली. एव्हरीथिंग इज ओके. बाहेरच्या डिस्कवर टाकून तिथूनही एकदा टेस्ट मारली. एसओसी अजून १.२५ वर आहे, ते पाव-पाव दशांशाने खाली आणून १.२० वर टिकतंय का ते पुढच्या आठवड्यात बघतो. टी-रेफी (रॅम किती वेळाने ताजी करायची ते अंतर) वाढवायचं मात्र पाऊस पडून खोली गार होईपर्यंत लांबणीवर, आणि कार्ड तोवर पुसणार नाहीये.